बिनगिअरची गाडी आणि घरातली किल्ली



रविवारची बुद्धवंदना आटोपली की आपल्या विहाराच्या दारात गाड्या काढण्याची गडबड उडते. एके काळी त्या जागी चार-दोन सायकली आणि एखादी लुना उभी असायची. आता ॲक्टिव्हा, ज्युपिटर, ॲक्सेस अशा बिनगिअरच्या स्कूटरींची रांग लागते. आपल्या वडीलधाऱ्यांनी गिरणीत, रेल्वेच्या गँगमध्ये, नगरपालिकेच्या सफाई खात्यात आणि शहाड-मोहोन्याच्या कारखान्यांत पायी जाऊन नोकऱ्या केल्या. त्यांच्या नातवंडांच्या दारात आज स्वतःची गाडी आहे, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु गाडी घरात आली, तिचे नियम मात्र अजून रस्त्यावरच राहिले. समाजाच्या बैठकीत, लग्नात, अगदी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातसुद्धा एक प्रश्न हमखास कानावर येतो. "मुलाला सोळा पूर्ण झाली. बिनगिअरची गाडी आता त्याला चालते ना?" कोणी याहून पुढे जाऊन विचारतो, "बिनगिअरला लायसन्स कशाला लागते?"

दोन्ही प्रश्नांवर स्पष्ट उत्तर द्यायला हवे. बिनगिअरच्या गाडीला लायसन्स लागते. आणि सोळा वर्षांच्या मुलाला आजची स्कूटर चालत नाही. मात्र सोळा वर्षांची ही समजूत कोणी हवेतून काढलेली नाही. ती एके काळी खरी होती, म्हणूनच ती इतकी चिवट आहे.

१९३९ चा जुना मोटार वाहन कायदा जाऊन १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४ मध्ये वाहन चालविण्याचे वय अठरा ठरविले होते, पण गिअर नसलेल्या मोटारसायकलला सोळा वर्षांची सवलत होती. सर्वसामान्य घरात तेव्हा बिनगिअरची गाडी म्हणजे लुना. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली आणलेली ही ५० सी.सी.ची मोपेड पायडल मारून सुरू करायची, आणि पुलाचा चढ आला की मागे बसलेल्याला खाली उतरवायचे. अशी गाडी सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती दिली तरी ती कितीशी पळणार? पुढे मात्र बिनगिअरच्या गाड्याच दणकट झाल्या. कायनेटिक होंडा आली, मग सनी आली, स्कूटी आली. तेव्हा सरकारने कायद्याचे शब्द बदलले. १४ नोव्हेंबर १९९४ पासून "गिअर नसलेली" हे शब्द जाऊन त्या जागी "५० सी.सी.पेक्षा अधिक क्षमता नसलेले इंजिन" असे शब्द आले. त्या दिवसापासून गिअर आहे की नाही, याला वयाच्या बाबतीत काही अर्थ उरला नाही. इंजिन केवढे, एवढेच पाहायचे.

सनी आणि स्कूटी या दोन्ही गाड्या ६० सी.सी.च्या होत्या. म्हणजे ज्या गाड्या मुख्यतः कॉलेजच्या मुला-मुलींसाठी म्हणून खपल्या, त्याच गाड्या १९९४ नंतर अठराखालील मुलांना बंद झाल्या. ही बातमी शोरूममधून कोणी सांगितली असेल असे वाटत नाही. आजच्या ॲक्टिव्हा-ज्युपिटरचे इंजिन ११० सी.सी.च्या आसपास असते आणि ॲक्सेस सुमारे १२५ सी.सी.ची आहे. सोळा वर्षांची सवलत कायद्यात अजून आहे, पालकाच्या लेखी संमतीने तसे लायसन्स मिळण्याची सोयही आहे. पण त्या लायसन्सवर चालविता येईल अशी पेट्रोलची ५० सी.सी.ची गाडी आपल्याकडे कोणाच्या दारात दिसते? सवलत कागदावर राहिली आणि समजूत घराघरांत राहिली.

बॅटरीच्या गाडीबद्दलही असाच घोळ आहे. ज्या बॅटरीच्या दुचाकीची मोटर पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीची आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, तिलाच नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. त्यावरची प्रत्येक बॅटरीची गाडी कायद्याने मोटार वाहनच आहे. २०२४ साली लुना हेच नाव घेऊन बॅटरीची ई-लुना बाजारात आली. तिचा वेग ताशी ५० पर्यंत जातो, तिला नंबर प्लेट लागते आणि चालविणाऱ्याला लायसन्सही लागते. ओळखायची सोपी खूण अशी, की गाडीला आर.टी.ओ.चा नंबर असेल तर चालविणाऱ्याला लायसन्स हवेच. ठाण्याचा ०४ असो, कल्याणचा ०५ असो वा वाशीचा ४३ असो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पुष्कळ पालकांना वाटते की, पोलिसाने मुलाला पकडले तर फार तर दंड होईल, शे-पाचशे देऊन सुटू. १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात कलम १९९-अ आले आणि हा हिशेब संपला. अठराखालील मुलाने मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. गाडी मुलाने पालकांच्या संमतीनेच नेली, असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरती खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचे ओझे पालकावर असते. किल्ली टी.व्ही.च्या वर, सगळ्यांच्या हाताशी ठेवलेली असेल तर ती खबरदारी म्हणून सांगता येणार नाही.

पंचवीस वर्षांपर्यंत लायसन्स नाही, या शिक्षेचा अर्थ आपल्या घरांत नीट समजून घेतला पाहिजे. आपली कितीतरी मुले बारावीनंतर घरपोच माल पोहोचविण्याच्या कामावर लागतात, काही कंपन्यांत फिरतीची नोकरी धरतात. त्या कामाला पहिली अट लायसन्सची. सतराव्या वर्षी क्लासला गाडीने जाण्याची हौस भागविली आणि अठरा ते पंचवीस ही कमावण्याची सात वर्षे हातची गेली, असा तो सौदा आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या महागड्या मोटारीने दुचाकीवरील दोघा तरुणांचा बळी घेतला, तेव्हा पालकांच्या जबाबदारीचा विषय घरोघर बोलला गेला. त्या प्रकरणात वकिलांची फौज उभी राहिलेली सर्वांनी पाहिली. आपल्याकडे तशी फौज नसते, एवढे ध्यानात ठेवावे.

मूल अठराचे झाले, पण लायसन्स काढलेले नाही, तरी मालकाची सुटका नाही. लायसन्स नसताना गाडी चालविणाऱ्याला कलम १८१ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला कलम १८० खाली तेवढीच शिक्षा. मेहुणा गावाहून आला, "जरा नाक्यापर्यंत जाऊन येतो" म्हणाला आणि आपण किल्ली फेकली, एवढ्यावर ही दोन्ही कलमे लागू होतात. मेहुण्याकडे लायसन्स आहे, पण ते बिनगिअरचे, आणि आपली गाडी गिअरची मोटारसायकल, तर तेही चालत नाही. लायसन्सवर दुचाकीचे दोन प्रकार वेगवेगळे लिहिलेले असतात. गिअरचे लायसन्स असणारा बिनगिअरची गाडी चालवू शकतो, उलट होत नाही. म्हणून ज्या तरुणाला पुढे नोकरीसाठी गाडी लागणार आहे त्याने सुरुवातीलाच गिअरच्या गाडीचे लायसन्स काढावे.

दंडापेक्षाही मोठा फटका विम्याचा आहे आणि त्याविषयी आपल्या लोकांत जवळजवळ काहीच बोलले जात नाही. गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली तर भरपाई देण्यासाठी तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या खेपेला दोन हजार रुपये दंड. २०१८ च्या सप्टेंबरपासून नवी दुचाकी घेताना हा विमा एकदम पाच वर्षांचा उतरवावा लागतो, त्यामुळे पाच वर्षे माणूस निर्धास्त असतो आणि सहाव्या वर्षी विसरतो. २०२२ साली ठरलेल्या दरानुसार ७५ ते १५० सी.सी.च्या दुचाकीचा वर्षाचा हप्ता कर सोडून ७१४ रुपये होता. म्हणजे दिवसाला दोन रुपये.

पण विमा असूनही माणूस बुडतो, तो असा. समजा, लायसन्स नसलेल्या मुलाने डोंबिवलीत एका पादचाऱ्याला उडविले आणि न्यायाधिकरणाने दहा लाख रुपये भरपाई ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वरनसिंग प्रकरणात जो निकाल दिला, त्याच्या धर्तीवर अशा वेळी विमा कंपनीला जखमीचे पैसे आधी भरायला लावतात, आणि मालकाने हे जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने होऊ दिले असे दिसले तर तीच रक्कम कंपनीने मालकाकडून वसूल करायची असते. जखमीला न्याय मिळाला, हे योग्यच झाले. पण मालकाचे काय? चाळीतली खोली, भविष्य निर्वाह निधीचे पैसे, मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, सर्व काही त्या वसुलीच्या तोंडी जाते. दोन पिढ्यांनी काटकसर करून उभे केलेले घर एका दुपारच्या फेरफटक्याने मोडू शकते.

मालक स्वतः दगावला तर वारसांना पंधरा लाख रुपये मिळावेत म्हणून वैयक्तिक अपघात संरक्षण असते, तेही मालकाकडे चालू लायसन्स असेल तरच. आणि मागे बसलेल्याचे काय? नुसत्या तृतीय पक्ष विम्यात मागे बसणाऱ्याची भरपाई येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले आहे. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी लागते. शेजारच्या ताईला विहारापर्यंत सोडतो म्हणणाऱ्या भल्या माणसाने आपली पॉलिसी एकदा काढून वाचावी.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ऐकावी. आपल्याकडे स्टँप पेपरवर सही होते, पैसे आणि किल्ली हातात पडतात आणि व्यवहार संपला असे समजतात. परंतु आर.सी.वर नाव कोणाचे, हाच प्रश्न न्यायालय विचारते. २०१८ च्या नवीन कुमार प्रकरणात गाडी तीन-चार हात फिरली होती, तरी नोंदीत ज्याचे नाव त्यालाच सर्वोच्च न्यायालयाने मालक धरले. विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत नाव बदलण्यासाठी कळवायचे असते. आपण विकलेली स्कूटर आज कोणाचा कोण मुलगा शिळफाट्याला पळवीत असेल आणि ई-चलन आपल्या मोबाईलवर येत असेल, तर चूक आपलीच आहे.

लायसन्स काढणे एके काळी कटकटीचे होते, आज तितकेसे राहिलेले नाही. दुचाकीच्या लायसन्सला शिक्षणाची अट नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्याने आधारच्या साह्याने परिवहन खात्याच्या 'सारथी' या संकेतस्थळावर अर्ज करायचा. २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. शुल्क शिकाऊ लायसन्सचे दीडशे रुपये, परीक्षेचे पन्नास, पुढे वाहन चाचणीचे तीनशे आणि पक्क्या लायसन्सचे दोनशे. किरकोळ सेवाशुल्क वेगळे. एजंट यासाठी किती घेतो ते वाचकांना ठाऊक आहे. चाळिशीनंतर अर्ज करणाऱ्याला डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सच्या चाचणीला बसता येते. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर तांबडा 'एल' लावायचा आणि मागे पक्के लायसन्स असलेल्या शिकविणाऱ्याखेरीज कोणालाही बसवायचे नाही. घरी परीक्षा झाली की मुले समजतात लायसन्स मिळाले, आणि त्याच संध्याकाळी मित्राला डबलसीट घेऊन निघतात. चाचणीत इंग्रजी आठच्या आकड्यावरून पाय न टेकता गाडी काढावी लागते. पाय टेकला तर पुन्हा सात दिवसांनी यावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. तिशीच्या आत काढलेले लायसन्स चाळिशीपर्यंत चालते, पुढे मुदत कमी होत जाते. मुदत संपून वर्ष उलटले तर चाचणी नव्याने द्यावी लागते, तेव्हा आज घरी गेल्यावर आपापल्या लायसन्सवरची तारीख पाहून घ्यावी.

बिनगिअरची गाडी सोपी, म्हणून ती सुरक्षित, असाही एक समज आहे. सोपी आहे हे मान्य. पण तिच्यात एक खोड आहे, ती शिकणाऱ्याला कोणी सांगत नाही. उजव्या मुठीतच वेग आणि त्याच हाताच्या बोटांत पुढचा ब्रेक. माणूस दचकला की मूठ आवळतो आणि अंग मागे जाते. अंग मागे गेले की मनगट खाली वळते आणि गाडी थांबण्याऐवजी पुढे झेप घेते. नव्याने शिकणारी बाई भिंतीवर जाऊन आदळली की लोक हसतात, परंतु दोष तिच्या बावळटपणाचा नसतो. शिकविणाऱ्याने पहिल्या दिवशी गाडी स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, "मूठ सोड आणि दोन्ही ब्रेक एकदम दाब" एवढेच पन्नास वेळा करून घ्यावे. जुन्या चेतकवर हात बसलेल्या आपल्या पिढीचे वेगळेच. आम्हा लोकांचा उजवा पाय संकटात आपोआप ब्रेक शोधतो, आणि नव्या स्कूटरला तिथे ब्रेकच नसतो.

याच मुठीमुळे मूल पुढे उभे करण्याची पद्धत फार घातकी आहे. गाडी चालू ठेवून आपण दुकानात सुटे पैसे द्यायला वळतो आणि पुढे उभे असलेले पोर खेळ म्हणून मूठ पिळते. फूटबोर्डवर गॅसचा सिलिंडर किंवा पाण्याचा मोठा कॅन ठेवणाऱ्यांनीही पाहावे, की हँडल पूर्ण वळते का.

दुसरी गोष्ट चाकाची. मोटारसायकलचे चाक सतरा-अठरा इंचांचे, स्कूटरचे दहा-बारा इंचांचे. मोठे चाक ज्या खड्ड्यावरून निघून जाते त्यात लहान चाक शिरते आणि अडकते. आपल्या भागात याचा अर्थ सांगायला नको. जुलै २०१८ मध्ये एकट्या कल्याणात खड्ड्यांमुळे दुचाकीवरील अनेक माणसे गेली. शिवाजी चौकात भर पावसात मागे बसलेली एक भगिनी खाली पडली आणि बसच्या चाकाखाली सापडली, ते दृश्य वाहिन्यांवरून साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. रस्ता नीट ठेवणे ही पालिकेची जबाबदारी आहे आणि ती वारंवार मागितलीच पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या गटारामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आहे. मात्र रस्ता दुरुस्त होईपर्यंत जीव आपला आहे. साचलेल्या पाण्याखाली डांबर आहे असे समजू नये. ब्रेक खड्ड्याच्या अलीकडे दाबावा, खड्ड्यात दाबला तर चाक घसरते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते, तेव्हा दोन-तीन दिवस वेग निम्माच ठेवावा. आणि मागे बसणाऱ्याने छत्री कधीही उघडू नये, रेनकोट घ्यावा.

मुंब्रा बायपास, शिळफाटा, काटई, माजिवडा, घोडबंदर या रस्त्यांवर उरणच्या बंदरातून आणि गुजरातकडून येणाऱ्या अवजड गाड्या असतात. कंटेनर वळताना त्याच्या डाव्या अंगाला, केबिनच्या खाली जी जागा असते ती चालकाला दिसत नाही, आणि दुचाकीवाला नेमका त्याच फटीत शिरतो. आपल्याला त्याच्या आरशात त्याचे तोंड दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही.

आता हेल्मेट. याविषयी इतके बोलले गेले आहे की मी थोडक्यात आटोपतो. कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचे आहे. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना सूट आहे. दंड एक हजार आणि लायसन्स तीन महिने निलंबित, असे कायदा म्हणतो. १ जून २०२१ पासून आय.एस.आय. शिक्क्याशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकणेच बेकायदा आहे. रस्त्याच्या कडेला मिळते ती बहुतेक वेळा नुसती टोपी असते. पट्टा न लावलेले हेल्मेट धक्क्याबरोबर डोक्याआधी रस्त्यावर पोहोचते. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे. मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा, त्याच्या मापाचे हेल्मेट, आणि वेग ताशी चाळिसाच्या आत.

साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या भगिनींसाठीही कायद्यात तरतूद आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. केंद्रीय नियम १२३ प्रमाणे दुचाकीला मागच्यासाठी धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि मागचे निम्मे चाक झाकणारी जाळी असली पाहिजे. अनेक मुले गाडी "छान दिसावी" म्हणून ती जाळी काढून टाकतात. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर गळ्याला फास बसायला एक क्षण पुरतो. उपासिकांनी पांढरी साडी नेसून विहारात निघताना पदर कमरेला खोचावा आणि जाळी नसलेल्या गाडीवर बसण्यास सरळ नकार द्यावा.

चालकाशिवाय एकच माणूस, असे कलम १२८ सांगते. नवरा, बायको आणि दोन मुले अशी चौघांची स्वारी कायद्यात बसत नाही. कायद्याच्या लेखी लहान मूलही माणूसच आहे. हे लिहिताना मला अवघड वाटते, कारण दिव्याहून किंवा टिटवाळ्याहून कार्यक्रमाला येणाऱ्या कुटुंबाला चौघांचे रिक्षाभाडे परवडत नाही हे मी जाणतो. तरी ज्या घरात एकच गाडी आहे त्यांनी दोन फेऱ्या कराव्यात, किंवा आईने आणि धाकट्याने लोकलने यावे.

परंतु १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तिघे-तिघे एका गाडीवर बसून, हेल्मेटशिवाय, हातात निळा झेंडा घेऊन हॉर्न वाजवीत फिरणाऱ्यांना मात्र परवडण्याची सबब नाही. ज्या महामानवाने या देशाला संविधान दिले त्यांच्या जयंतीला कायदा मोडायचा, याला काय म्हणावे? ही टीका घरातली आहे, म्हणून घरच्या स्मरणिकेत करतो. तसेच दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री आपली कितीतरी मुले दुचाकीवरून कोरेगाव भीमाला विजयस्तंभास मानवंदना देण्यासाठी निघतात. कल्याणहून ते अंतर दीडशे किलोमीटरच्या घरात आहे. माळशेजचा घाट, थंडी, धुके आणि जागरण, शिवाय त्याच रात्री रस्त्यावर दारू पिऊन उतरलेले लोक. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, हेही काहींना तिथे गेल्यावर कळते. त्यांनी दिवसा उजेडी निघावे, अथवा मंडळाने बस करावी. रक्तात शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले तर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड आहे. पंचशील घेतलेल्याला हा आकडा लक्षात ठेवण्याची गरज पडू नये.

इतके करूनही अपघात होतो. रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर घाबरून पुढे जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाने आणि नंतर कायद्यातील कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. २०२५ च्या मे महिन्यापासून केंद्राची योजना आहे, तिच्यात अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयात विनारोकड मिळतात. ठोकणारी गाडी पळून गेली तरी हात हलवीत परतू नये. १ एप्रिल २०२२ पासून अशा प्रकरणी मृत्यूस दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये मिळतात, त्यासाठी प्रांत किंवा तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो.

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करायचा असतो आणि कायद्याने त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. दुःखाच्या घरात सहा महिने कसे जातात कळत नाही, म्हणून हे काम शेजाऱ्याने किंवा मंडळाच्या कार्यकर्त्याने अंगावर घ्यावे. रुग्णालयाच्या दारात कार्ड वाटणाऱ्या आणि भरपाईत टक्केवारी मागणाऱ्या माणसाला वकीलपत्र देण्याआधी एक गोष्ट जाणून घ्यावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला आणि बालकाला, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १९९० साली बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला असल्याने जातीचा दाखला असलेल्या आपल्या बांधवांनाही तो लागू आहे. अर्ज ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि कल्याणला तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. सोबत जातीचा दाखला, प्रथम खबरीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, रुग्णालयाची कागदपत्रे, मयताचा मृत्यूचा दाखला आणि त्याच्या कमाईचा एखादा पुरावा ठेवावा. पंचनाम्याची प्रत पोलीस ठाण्यातून पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावी.